आबांच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या आबांनी जन्मभर जीप चालवली. मुळशीच्या वरच्या वाड्यांतली निम्मी लग्नं त्या जीपमध्ये जमली आणि उरलेल्या निम्म्यांची वऱ्हाडं तिच्या टपावर बसून गेली, असं मी सगळ्यांना सांगतो. ताम्हिणीचा घाट ते असा उतरत, की वळणंच अदबीनं बाजूला सरकायची. यात थोडा माझा मसाला आहे. पण आबांचा पाय पक्का होता, त्यात मसाला नाही.

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "आवाज न्हाई करत. जित्ती हाय का?" पण आठवड्याच्या आत किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात गेली. घाटाखाली कोकणात आत्या दिलेली आहे, आता एकटीच असते. आबा अधूनमधून सकाळी गाडी काढायचे, दिवसभर बहिणीच्या, त्यांच्या ताईच्या, ओटीवर बसायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. दसऱ्याला तिला चार दिवस घरी आणून परत सोडूनही आले. त्या खेपांवर माणूस जगत होता.

एका संध्याकाळी ते आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"ब्रेक बसतुया. सकाळी घाट उतरताना पेडल खाली जातंय, लोण्यात पाय घातल्यावानी."

मी अंगणात गाडीत बसून पेडल दाबलं. काळा कातळ परवडला इतकं कडक. "आबा, ब्रेक नाही, तुमचा गुडघा बसतोय!" सगळं घर हसलं. पुढच्या खेपेला तेच झालं. मग आबांनीच किल्ली देव्हाऱ्याशेजारी ठेवली. "पाय गेला माजा," एवढंच म्हणाले. आत्याचा फोन यायचा. "येतो की," असं तिला सांगून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

माझी रोजची ये-जा पिरंगुटच्या बाजूला, घाटाशी माझा संबंध नाही. पण एकदा घाटाखाली माणगावला काम निघालं. रात्रभर चार्जिंग लावून सकाळी निघालो आणि अर्ध्या घाटात पेडल माझ्या पायाखालून गेलं. तेहतीस कोटी देव एका दमात आठवले, वर दोन-चार नवीनही सापडले. हँडब्रेकचं बटण ओढून धरलं, गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली, तेव्हा कुठे थांबली. जरा वेळानं पेडल दाबून पाहिलं, तर पुन्हा कातळ! तिथं चरीत बसल्या बसल्या मला ब्रेक आठवला नाही. आबांचा पाय आठवला.

क्रेननं गाडी उरवडे रस्त्यावरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाला माझ्याच वर्गातला, बोलण्यात मलाही मागे टाकणारा.

"अरे, ही गाडी उतारावर मोटरनंच थांबते आणि त्यातून चार्ज होते," तो म्हणाला. "पण बॅटरी आधीच फुल असली, तर ती वीज ठेवणार कुठं, तुझ्या खिशात? मग सगळा भार खऱ्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात. ब्रेक ऑइलमध्ये पाणी असलं तर त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की दबते. थंड झालं की पेडल परत कडक. तू सपाटीवरचा शूर. आबाही असेच फुल चार्ज करून घाट उतरत असणार."

"म्हणजे आबांचा पाय…"

"पायाला काय धाड भरलीय!"

मी तसाच घरी जाऊन आबांना घेऊन आलो. जुनं ऑइल काढायला पेडलवर एक माणूस लागतो, तिथं मी मुद्दाम त्यांनाच बसवलं. मित्र चाकाखाली शिरला.

"दाबा, आबा!"

"दाबला."

"धरा! … हां, सोडा."

चारही चाकं झाली. आबांचा पाय एकदाही थरथरला नाही. पांढऱ्या मिशीतल्या मिशीत ते हसत होते. मी मनातल्या मनात किल्लीला हार घालून ती त्यांच्या हातात दिलीही होती.

मित्रानं काढलेल्या ऑइलची बाटली उजेडात धरली. ऑइल गढूळ होतं. "इतकं पाणी हवेतून येत नाही. मुळशीच्या हवेतूनसुद्धा नाही. कुणीतरी ओतलंय."

गाडीतून आबांचा आवाज आला. "तीर्थ व्हतं."

आमच्याकडे खंडेनवमीला जीपच्या रेडिएटरमध्ये देवीचं पळीभर तीर्थ घालायची रीत. या गाडीत आबांना रेडिएटरचं झाकण सापडलं नाही. हातानं फिरलं ते झाकण उघडून त्यांनी पळी रिकामी केली. ती ब्रेक ऑइलची टाकी होती.

मित्र इतका हसला की पाना हातातून पडला. मीही हसलो. पाय शाबूत निघाला याचंच ते हसू होतं, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते चेष्टेहून वेगळं ओळखू येत नाही. "आबा, देवीला थेट ब्रेकमध्ये बसवलंत की!" आबासुद्धा थोडे हसले.

नवं ऑइल भरलं, यंत्र जोडून आतल्या व्हॉल्व्हमधलं उरलंसुरलं पाणीही काढलं. मित्रानं उतारावर गाडी पळवून पेडल तपासलं. मी किल्ली आबांसमोर धरली.

"न्हाई," ते म्हणाले. "ताईला बसवून त्याच ब्रेकवर घाट उतरलोय मी."

"पण पाय तर ठीक आहे ना!"

"पाय ठीक हाय रं. हाताचा भरवसा न्हाई राह्यला."

मी पुष्कळ समजावलं. घाट तुम्हाला ओळखतो, वळणं तुमची वाट बघतात, सगळा मसाला ओतून झाला. त्यांनी किल्ली घेतली नाही.

आता मीच त्यांना घाटाखाली नेतो. जमेल तेव्हा, म्हणजे फार क्वचित. ते डावीकडच्या सीटवर बसतात. आत्या चहा टाकते, आणि माझा फोन वाजायला लागतो. निघू या असं मी म्हणत नाही, फोन घ्यायला नुसता उठून अंगणात जातो. मागे वळून बघतो, तर आबाही उभे राहिलेले असतात, अर्धा कप तसाच ठेवून.

"आत्ता तर आलास रं," आत्या म्हणते.

"त्याला काम हाय, ताई," आबा सांगतात आणि चपला शोधू लागतात.