कमानीमागची घरं

"ही घरं कावून दिसायलेत इथं?"

अण्णांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाला तंबाखूचा चुना होता. काचेवर पांढरा डाग पडला. त्या डागाखाली आमचं घर होतं.

अण्णा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. तलवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावाच्या तोंडाशी वडिलांच्या नावानं कमान बांधायचं त्यांनी ठरवलं होतं. गेवराईत ज्या इंजिनियर सरांकडं मी कामाला होते, त्यांनी पेन्सिलनं कमान काढली. दोन खांब, वर कळस, बाजूला हत्ती. सरांनी हातानं काढलेलं कॉम्प्युटरवर उभं करायचं, हे माझं काम. रेघेला जाडी द्यायची, उंची द्यायची, ऊन-सावली पाडायची. मग माऊस फिरवला की चारी बाजूंनी दिसतं, जसं काही आपण तिथं चालतोय.

सर म्हणाले होते, आजूबाजूचंही दाखव, खरं वाटलं पाहिजे. म्हणून मी रस्ता दाखवला, बसथांबा दाखवला. कमानीच्या मागं डाव्या हाताला आमची वस्ती, तीही दाखवली. गाव तिला आमच्या जातीच्या नावानं हाक मारतं. पत्र्याची घरं एकेक करून उभी केली. दारापुढचा हौदसुद्धा. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात. सगळी गोरी, कोटातली, हातात कुत्र्याची दोरी. डोक्यावर सरपण घेतलेली बाई मी लई शोधली. नव्हती.

"सर, पोरगी कुणाची?" अण्णांनी विचारलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली. विचारलं सरांना.

सरांनी माझं आडनाव सांगितलं.

अण्णा हसले. "तरीच. कमान माझ्या बापाची, आन् हिनं आपलं गणगोत आणून बसवलं. काढ ते. झाडं लाव तिथं."

माझा हात माऊसवर होता. हलेना. सरांनी हाताखालून माऊस ओढून घेतला. सगळ्या घरांभोवती एक चौकोन काढला आणि एक बटण दाबलं. काही आवाज झाला नाही. मग तिथं हिरवीगार झाडं आली. असली झाडं आमच्या तालुक्यात उगवत नाहीत.

"आता कसं साफ दिसायलंय," अण्णा म्हणाले. उठताना मला म्हणाले, "काच पुस गं ती."

मी ओढणीनं पुसली.

त्या संध्याकाळपासून मला काहीतरी झालं. काळीपिवळी जीपमधून घरी येताना गावाच्या वळणावर मी डोळे मिटायला लागले. उघडल्यावर झाडंच दिसली तर? घर दिसलं की आधी पत्र्याला हात लावायचे. उन्हानं तापलेला पत्रा हाताला चटका द्यायचा, तेव्हा कुठं श्वास सुटायचा. माय चुलीपुढं भाकरी थापायची, आणि तिच्या पाठीमागं मला झाडाचं खोड दिसायचं. मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

मग त्याच चित्राचा मोठा फ्लेक्स फाट्यावर लागला. माय खुरपणीहून येताना त्याच्यापुढं थांबली. मी सोबत होते. तिला वाचता येत नाही, पण चित्र कळतं. तिनं रस्ता ओळखला. बसथांबा ओळखला. मग लई वेळ बघत राहिली.

"यात आपलं घर कुठं हाय गं?"

"मागं हाय. झाडामुळं दिसत न्हाई," मी म्हणाले.

"आसं व्हय," म्हणाली आणि चालायला लागली. तिनं माझ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कमान झाली. माझा बाप सेंटरिंगच्या कामाला जातो, तिची सळई त्यानंच बांधली. उद्घाटनाला वस्तीत कुणाला बोलावणं आलं नाही.

काही महिन्यांनी सरांनी नवा कागद पुढं टाकला. अण्णा समोरच बसले होते. आमच्याच चित्राची प्रिंट, आणि झाडांच्या जागेवर पेन्सिलनं काढलेलं उद्यान. पायवाट, कारंजं, गाड्या लावायला जागा. "फाईल आहेच आपल्याकडं," सर म्हणाले. "तिच्यावरच उभं कर."

"सर, इथं घरं हायत."

"मॉडेलमध्ये आहेत का?" त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. आधी चित्रातून काढलं. आता जमिनीवरून काढणार. आणि मधलं काम माझ्या हातून करून घेणार.

"मी हे उभं करणार न्हाई," मी म्हणाले. "तिथं माझी माय ऱ्हाती."

अण्णांचा आवाज चढला. "गायरान हाय ते. तुझ्या बापाची जागा हाय का?"

"तुमच्या बी बापाची न्हाई, अण्णा."

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. सर हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." डबा उचलून मी जिना उतरले.

घरी बाप ओरडला. "कावून बोललीस? उद्या मला कोन कामावर घेईल?" त्याचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मुकादमानं त्याला मजूर अड्ड्यावरून परत पाठवलं. मायला मी सगळं सांगितलं, फ्लेक्सचं पण. ती रडली नाही. बापाच्या पिशवीतला मोजपट्टीचा टेप काढून तिनं माझ्या हातात दिला.

"मंग परत काढ. पैल्यापासून."

आता मी दारोदार मोजते. दुसरं टोक माय धरते. कागदावर हातानं काढते, मग मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर चढवते. काही जणांनी दार लावून घेतलं. एक चुलता म्हणाला, "तुझ्यापायी आमच्यावर येईल." येईलही. झोप मला अजून लागत नाही. डोळा लागला की कुणीतरी पत्रा उचकटतंय असं वाटतं.

ग्रामसभेत उद्यानाचा ठराव येणार आहे. आमच्या बायका तिथं भिंतीला टेकून मागं बसतात, बोलत नाहीत. मी हे घरांचं चित्र घेऊन पुढं जाणार आहे. ठराव वाचला की उठून सांगणार, या जागेवर माणसं राहतात, आणि ती उठणार नाहीत. मला खाली बस म्हणतील. दरडावतील.

मी बसणार नाही.