तपासून घेतलेला विळा

हसायचे असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा. क्रम चुकला की डाग पडतात, आणि चहाचे डाग सहजासहजी निघत नाहीत, हे मी रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून सांगते. कारण जो मूर्खपणा आता ऐकणार आहात, तो काही माझ्या हातून नकळत घडलेला नाही. तो मी रीतसर तपासणी करून, वहीत टिपणे काढून, पूर्ण शुद्धीत केलेला आहे!

दहा-बारा वर्षे झाली असतील. नागपूरहून एम.एस्सी. होऊन मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. रामपायलीजवळच्या आमच्या गावी माय एकटी राही. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, होत्या, त्या ती इतर बायांच्या जोडीने स्वतः कापी. आठ-दहा बाया एका ओळीत बसत. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येई, त्याला पात म्हणत. अगदी कडेची पात नेहमी मायची, आणि सर्वांच्या आधी पलीकडच्या बांधाला पोचे तीही मायच. कडेची जागा हा वडीलकीचा मान असावा, असा माझा समज होता. समज हं! तपासलेला नव्हे.

एका शनिवारी घरी गेले, तर मायने चिंधीत गुंडाळलेला जुना विळा माझ्या हातात ठेवला.

"पोरी, याचे दाते गेले वं. सोमवारी कापनी हाय. नवा आनून दे मले. पन असाच पायजे. बिलकुल असाच."

मायने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मला शिकायला पाठवून ती इतकी वर्षे एकटी राहिली, पण 'सुट्टी नसली तरी एकदा येऊन जा' असेही कधी म्हणाली नव्हती. मग मी काय साधासुधा विळा आणणार होते?

रविवारी वारासिवनीचा बाजार गाठला. स्वस्त आणि चांगले हे दोन गुण एकाच वस्तूत नांदतात, यावर माझा विश्वास नाही. म्हणून पिशवीत शाळेचे भिंग, एक कानस आणि भाताच्या ओल्या तणसाची जुडी घेतली होती. हसू नका. अजून वेळ आहे.

पहिले दुकान लोखंडी सामानाचे. लाल मुठीचे, चकचकीत, कारखान्यातले विळे. कानस लावली, तर पाते साबणासारखे झिजले! दुसरा घेतला, भिंग लावले, वाजवून पाहिला, वहीत लिहिले. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला,

"बहनजी, हसिया लेना है कि उसका बुखार नापना है?"

पुढे पोत्यावर मांडलेला एक ढीग होता. किंमत कमी, आणि मुठी अशा हलत होत्या की दुधाचे दात बरे! शेवटी बाजाराच्या टोकाला फागू लोहाराच्या भात्याशी पोचले. त्याचा विळा वाजवला, तो खणकन बोलला. तणस एका ओढीत कापले गेले.

"टरकच्या कमानपट्टीचं लोखंड हाय, बाई. पोरीच्या लग्नापर्यंत टिकते," फागू म्हणाला.

"माझ्या मुलीच्या की तुमच्या?"

"जिचं आंधी होईल तिच्या!"

किंमत दुकानापेक्षा कमी. मी खूश! तेवढ्यात त्याने मायचा जुना विळा हातात घेऊन उलटापालटा केला.

"हा तं येगळाच हाय. दाते दुसऱ्या अंगाले पाडले हायेत याचे."

मी भिंग लावले. खरेच की! धानाच्या विळ्याचे दाते छिन्नीने पात्याच्या एकाच अंगाला पाडलेले असतात. बाजारातल्या एकूण एक विळ्यांचे दाते एका बाजूला, आणि मायच्या विळ्याचे विरुद्ध बाजूला! कुणा अडाण्याने घडवलेला हा सदोष विळा घेऊन माझी माय वर्षानुवर्षे राबली, आणि तरीही सर्वांच्या पुढे राहिली!

"चूक आहे ती. मला बरोबर विळा हवा."

"चूक नाही वं बाई. तुमची माय कोन्या हातानं कापते?"

"कोणत्या म्हणजे? हाताने कापते. पायाने कापणारी बाई तुम्ही पाहिली आहे का?"

फागूने भाता सोडला. माझ्याकडे पाहिले, भिंगाकडे पाहिले.

"तुमी शिकेल-सवरेल हा. मी काय बोलू?"

हे मला प्रशस्तिपत्र वाटले. सदोष विळा मी जुन्या लोखंडात त्यालाच देऊन टाकला, म्हणजे किंमत आणखी उतरली.

मायने नवा विळा पाहिला. दात्यांवरून बोट फिरवले.

"लय मस्त हाय, पोरी."

सोमवारी मी रजा काढून वही घेऊन बांधावर बसले. एक तास झाला, दोन तास झाले. माय सर्वांच्या मागे! बाया पुढे निघून गेल्या, ती आपली मूठमूठ ओढते आहे, विळा अडखळतो आहे. विळा तर निर्दोष. मग दोष कुठे? कापण्याच्या पद्धतीत! मी बांधीत उतरले आणि माझ्या मायला, जिने तिथे हयात काढली त्या बाईला, मनगट किती अंशात वळवावे ते समजावू लागले.

"हौ, हौ," माय म्हणत होती. घाम पुसत होती. हसत होती.

शेजारच्या पातीवरच्या सरूकाकीला राहवेना. ती कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"काहून वं मास्तरीनबाई, मायले तरास देऊन राह्यली? तुही माय डेबरी हाय! डाव्या हातानं कापते ते! उजव्या हाताचा इळा देल्ला तिले, अन् वरून शिकवून राह्यली!"

सगळी बांधी हसली. सगळी! बांधावरचे बगळेसुद्धा उडाले.

"सरू, गप वं," माय म्हणाली. "पोरीनं हौसेनं आनला."

तुम्ही विचाराल, पोटच्या पोरीला हे ठाऊक नसावे? घरात पानात वाढताना, जेवताना, देवापुढे तिचा उजवाच हात असे. लहानपणी थोरांनी तसे वळण लावले होते. डावा हात मोकळा सुटे तो फक्त शेतात, आणि तो शेजारणीच्या हाताला अडू नये म्हणूनच तिची पात कडेची. आणि शेतात मी दिवाळीच्या सुट्टीत रोज तिच्यासमोर बसलेली असे. मदतीला उठले की ती ओरडे, "इकडं काय पाहून राह्यली? तू वाच!" मी आज्ञाधारक मुलगी. वाचले. इतकी वर्षे तिच्या हाताकडे एकदाही मान वर करून पाहिले नाही; आणि सोमवारी पाहिले ते विळ्याकडे, कारण 'कोणता हात' हा रकानाच वहीत नव्हता.

त्याच दुपारी फागूकडे गेले. मला पाहून त्याने घण खाली ठेवला.

"या. आता सांगा, माय कोन्या हातानं कापते?"

मी डावा हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा. त्याने जुना विळा भट्टीत टाकलाच नव्हता. छपराला खोचून ठेवला होता. त्याबरहुकूम नवा घडवून दिला. मंगळवारी माय पुन्हा सर्वांच्या पुढे होती. त्या दिवशी मी वही नेली नाही. नुसती पाहत बसले. तसे पाहायला पुढे दोनच कापण्या मिळाल्या.

परवा बालाघाटच्या बाजारात बादली घ्यायला गेले होते. कडी हातात धरली आणि सवयीने विचारले, "ही डाव्या हाताला चालेल का?"

"बहनजी, बाल्टी में क्या दायाँ-बायाँ?" दुकानदार हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हलकेच म्हणाला, "घर में कोई बाएँ हाथ का है क्या?"

"होती," मी म्हणाले, आणि पुढे काही न पाहता बादली उचलून घरी आले.

आयुष्यात न तपासता घेतलेली ही माझी एकमेव वस्तू. पाणी भरले, तर बूड गळत होते.