समुद्र डाव्या हाताला

मोटारसायकलच्या सीटला कव्हर कुणीही चढवून देतं. सीटवाली बाई माणूस बघून सीट कापायची, म्हणून लोक लांबून तिच्याकडे यायचे. दुकान म्हणजे दोन गॅरेजांच्या मधे उरलेली चिंचोळी जागा. आत शिलाई मशीन, रेक्झिनच्या गुंडाळ्या, रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास आणि खिळ्यांना टांगलेल्या बोडक्या सीटा. गिऱ्हाईक आलं की ती त्याला त्याच्याच गाडीवर कोऱ्या फोमवर बसवायची, हँडल धरायला लावायची आणि उकिडवी बसून खडूने भोवती खुणा करायची. मग पातं घेऊन फोम तासायला सुरुवात. हात अगदी जपून चालायचा. कापड उसवून पुन्हा शिवता येतं, फोम एकदा तासला की वाढत नाही, असं ती घाई करणाऱ्याला ऐकवायची. शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणायचा, या बाईला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, बैठका आठवतात. ते खोटं नव्हतं.

दूरदूर जाणाऱ्या कितीतरी लोकांच्या सीटा तिने केल्या. कुणी डोंगरात गेलं, कुणी वाळवंटात. परत आल्यावर सांगायचे, बाई, ढुंगण शाबूत राहिलं बघा. ती हसायची आणि मान खाली घालून टाके घालायची. ती स्वतः मात्र कुठेच गेली नव्हती. आधी सासूचं अंथरूण, मग मुलीचं शिक्षण. सासू गेली, मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायला लागली, आणि घरात दोघांना पुरून उरेल इतकी जागा झाली. त्या रिकाम्या जागेत नवऱ्याने बेटं आणली.

नवऱ्याला गल्लीत कप्तान म्हणत. तो दवाखान्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोहोचवणारी व्हॅन चालवायचा. पाण्यात कधी गुडघ्याच्या वर गेला नव्हता, पण बोलायचा बोटींबद्दल, म्हणून कप्तान. एके दिवशी त्याने विषुववृत्ताजवळच्या समुद्राचा मोठा नकाशा आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तेव्हापासून कपाट उघडलं की शर्टांच्या आधी समुद्र दिसायचा. माळेतून मणी सुटावेत तशी बेटं. आपली मोटारसायकल जहाजात टाकून तिथवर न्यायची आणि मग फेरीबोटीने एका बेटावरून दुसऱ्यावर, असा बेत होता.

तो बेत म्हणजे त्यांचा संसारच झाला होता. चहा झाला की कपाट उघडायचं. तो सांगायचा, फेरीबोटीच्या उतारावर तेलकट पाणी असतं, तिथे पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजते, तिला रोज तेल. ती विचारायची, आणि माझ्या गुडघ्यांना? जड सामान खाली, हलकं वर. तिकडे दुपारनंतर आभाळ फाटतं, म्हणून सकाळी निघायचं आणि दुपारी मुक्कामाला पोहोचायचं. शिवाय तिकडे संध्याकाळ म्हणून काही नसतं. दिवस असतो, आणि पडदा पाडल्यासारखी रात्र. रात्री चालवायचं नाही म्हणजे नाही.

आणि एक नियम त्याने पहिल्यापासून ठरवला होता. प्रत्येक बेटाला अशी फेरी मारायची की समुद्र कायम डाव्या हाताला राहील. तिने एकदा विचारलं, उजव्या हाताला का नको? तर म्हणाला, "डावीकडे म्हणजे अगदी आपल्या बाजूला. मधे कुणी नाही. आपण आणि पाणी." इतक्या वर्षांत हा माणूस असलं काही कधी बोलल्याचं तिला आठवेना. त्या दिवशी दुकानात तिने एक शिवण दोनदा चुकवली.

गाडीवर दोघांचं बोलणं फार होत नसे. वाऱ्यात कोण काय ऐकणार. पण एक शब्द होता. चौक आला की तो गाडी हळू करायचा, ती त्याच्या खांद्यावरून डावीकडे बघायची आणि म्हणायची, "मोकळं." मग तो वळायचा. हे कधी सुरू झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आधी ती गंमत होती. मागे बसून फुकट प्रवास करतेस, निदान कंडक्टरचं काम तरी कर, असं तो म्हणाला होता. हळूहळू त्याची सवय झाली. ती दुकानातून पायी घरी येतानासुद्धा कोपऱ्यावर थांबून तोंडातल्या तोंडात "मोकळं" म्हणायची आणि मिस्त्री तिला हसायचा.

त्याच सुमारास कप्तानाने व्हॅन सोडली आणि त्याच कंपनीच्या गोदामात काम मागून घेतलं. कंबर धरते म्हणाला. ती म्हणाली, मग त्या बेटांवर कंबर काय घरी ठेवून येणार? त्यावर तो मोठ्याने हसला, आणि विषय तिथेच राहिला.

जहाजातली जागा ठरली आणि दोघांचं भांडण झालं. भांडण कशावरून, तर तिला सोबत दाभण, दोरा आणि रेक्झिनचा तुकडा न्यायचा होता. तो म्हणाला, तिकडेही दुकान मांडणार आहेस का? ती म्हणाली, तुमची पान्यांची पिशवी चालते आणि माझा दोरा जड होतो? तिने अबोला धरला. तिचा अबोला गल्लीत प्रसिद्ध होता. दार, भांडी, मशीन सगळं बोलायचं, फक्त ती बोलायची नाही. तशीच फुगून ती त्याच्या मागे गाडीवर बसली. नेहमीचा चौक आला. तो हळू झाला. ती मुद्दाम उजवीकडे दुकानांच्या पाट्या बघत राहिली. तो क्षणभर थांबला, आणि वळला.

डावीकडून सायकल येत होती. सायकलवर एक बाई, हँडलला भाजीची पिशवी. ती सरळ त्यांच्या चाकावर आली आणि पडली. टोमॅटो रस्ताभर झाले. त्या बाईचं मनगट मोडलं होतं. ती रडत नव्हती, नुसती हाताकडे बघत होती. तिला दवाखान्यात पोहोचवून, प्लास्टर होईपर्यंत थांबून, तिच्या घरी सोडून दोघं परतले. जिन्यात कप्तान म्हणाला, "तू बोलली नाहीस."

तिला आधी रागच आला. स्वतःला डोळे नाहीत का, असं ती म्हणणार होती. पण त्याने ते आरोप केल्यासारखं म्हटलं नव्हतं. दिवा गेला आणि अंधार झाला, इतक्या साधेपणाने म्हटलं होतं. ती गप्प राहिली. आता तो अबोला नव्हता.

प्रवासाची सीट तिने शेवटी ठेवली होती. मागची जागा तिच्या मापाची झाली होती, पुढचीही त्याच्या मापाने तासून बरीचशी झाली होती. बारीक काम उरलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने त्याला दुकानाबाहेर गाडीवर बसवलं, हँडल धरायला लावलं. त्याच्या डाव्या अंगाला उभी राहून तिने मोजपट्टीचं टोक पुढे केलं आणि म्हणाली, धरा. तो समोर बघत राहिला. धरा ना, ती पुन्हा म्हणाली. त्याने हात वर केला आणि मोजपट्टीच्या बाजूला, नुसत्या हवेत चाचपलं. तिला वाटलं चेष्टा करतोय. तिने दुसऱ्या हातातला खडू त्याच्या कानाजवळ नेला. मग गालाशी. मग डोळ्याच्या कोपऱ्याशी. त्याची पापणी हलली नाही. खडू नाकासमोर आला तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, हे काय?

तिने खडू खिशात टाकला. म्हणाली, काही नाही, नीट बसा. आणि त्याला नीट दिसणार नाही अशा बाजूला उभी राहून तिने डोळे पुसले.

घरी गेल्यावर तिने कपाट उघडलं. समुद्र डाव्या हाताला. रात्री चालवायचं नाही. दुपारीच मुक्काम. ज्या बाजूने कुणी येऊच शकत नाही अशी बाजू त्याने बेटागणिक शोधून ठेवली होती. आपण आणि पाणी.

तो खुर्चीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. तिने विचारलं, "कधीपासून?"

त्याने समजून न समजल्यासारखं केलं नाही. काचबिंदू, म्हणाला. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याच्या कडा झिजत चालल्यात. थेंब घालतो, गोदामातच ठेवलेत. व्हॅनही त्यामुळेच सोडली. तिथल्या साहेबाने फार चौकशी न करता आत घेतलं. हे सगळं त्याने पॉलिश न थांबवता सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या लक्षात येत होतं, की इतके दिवस ही गाडी तिनेच चालवली होती, नुसत्या एका शब्दावर, आणि तिला ते माहीत नव्हतं.

"उजव्याच्या कडा राहिल्यात तोवर जाऊन येऊ," तो म्हणाला. "मग काय, आहेच घर. तू आहेस ना मागे. इतके दिवस निभावलं की आपण."

ती लगेच नाही म्हणाली असती तर सगळं सोपं झालं असतं. पण तिलाही जायचं होतं. दोन गॅरेजांच्या मधल्या त्या फटीत बसून तिने आयुष्यभर लोकांना पाठवलं होतं. मिस्त्रीला तिने सहज म्हणून विचारलं, दुसऱ्याच्या डोळ्यांनी गाडी चालते का हो? मिस्त्री म्हणाला, चालते की, साहेब लोकांची सगळी ड्रायव्हरच्याच डोळ्यांनी चालते. ती हसली. तिला पाहिजे तेच उत्तर मिळाल्यासारखं वाटलं आणि त्या दिवशी तिने सीट पुरी केली. दाभणाने शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला.

नवी सीट बसवून दोघं चाचणीला निघाले. सामानाच्या पेट्या लावलेल्या, त्यांत वजनाला विटा. गाडी छान चालत होती. मागे बसून तिला त्याची पाठ दिसत होती. नव्या बैठकीत तो सरळ, ऐटदार बसला होता. वारा होता. तिने डोळे अर्धे मिटले आणि क्षणभर तिच्या डाव्या हाताला खरंच पाणी आलं.

मग शिंक आली. नुसती शिंक, सोल्युशनने नेहमी येते तशी. डोळे उघडले तेव्हा एक गल्ली मागे पडली होती. ती गल्ली तिने पाहिलीच नव्हती. तिथून कुणी आलं नाही, एवढंच.

पुढे तोच चौक होता. तो हळू झाला, थांबला. तिने डावीकडे बघितलं. रस्ता लांबपर्यंत रिकामा होता. सायकल नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. शब्द तिच्या ओठांवर आला. तिने तो गिळला.

तो वाट बघत होता. मागे एक रिक्षा येऊन उभी राहिली, मग एक टेम्पो. भोंगे वाजू लागले. त्याने मान थोडी वळवली.

"अगं, मोकळं आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही."

इंजिन चालूच होतं. टेम्पोवाला बाजूने शिवी देत गेला. कप्तान दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तसाच बसून राहिला. मग त्याने किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली. तो उतरला, स्टँड लावला, किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिला वाटत होतं तो ओरडेल. त्याने फक्त सीटवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "झकास झालीय."

दोघांनी गाडी ढकलत घरी आणली. तो उजव्या बाजूने हँडल धरून, ती डावीकडून मागची पेटी ढकलत. पेटीतल्या विटा प्रत्येक खड्ड्यात खडखडत होत्या. त्या काढून टाकायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी तो सवयीने थांबला आणि मान किंचित कलती करून उभा राहिला. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. पण तिच्या तोंडून तो शब्द निघेना. ती पेटी सोडून पुढे आली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "चला."