पूर्ण वळणावरची टकटक

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडीची हळू गोल चक्कर मारली, की चाकाजवळचा सीव्ही जॉइंट आपलं दुखणं स्वतःच सांगतो. आतलं ग्रीस संपून तो झिजू लागला असेल तर टक-टक वाजतो. ती टकटक ऐकून डावी की उजवी बाजू ते सांगण्यात गॅरेजवाले काका असे पटाईत, की लोक त्यांना कानसेन म्हणत.

पण दोन वर्षांपासून काकांच्या कानांनी संप पुकारला होता. मोठ्याने बोललेलं कळायचं, बारीक टकटक नाही. एक वेळ धंदा गेला तर चालेल, नाव जाता कामा नये, असा हा माणूस! त्यांनी शक्कल काढली. चक्कर मारताना काकूंना शेजारी बसवायचं. त्या गुपचूप हनुवटीने बाजू दाखवायच्या आणि काका उतरून ऐटीत सांगायचे, "उजवा. खोलून नवं ग्रीस भरू." या वयातही बायकोला फिरवतात, म्हणून गल्लीत कौतुक व्हायचं ते वेगळंच.

मग काकू आठवडाभर बहिणीकडे गेल्या आणि गॅरेज ओस पडलं. काका माशा मारत बसले. शेवटी एक टॅक्सीवाला आला.

"उद्या घाट चढायचाय. काहीतरी वाजतंय, पण कुठून ते कळत नाही."

काकांनी गाडी उचलून पाहिली. जॉइंटवरचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरणारी आवरणं, दोन्हीकडे शाबूत; बघून बाजू कळेना. टॅक्सीवाल्याला शेजारी बसवून डावीकडे चक्कर मारली, उजवीकडे मारली. कानात शुकशुकाट. एक बाजू ठोकून द्यावी, असं क्षणभर मनात आलं. मग घाट आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी गाडी थांबवली.

"मला ऐकू येत नाही रे. ऐकते ती आमची ही."

टॅक्सीवाल्याला हसू आवरेना. "काका, हे काय आज सांगताय? काकू नाहीत म्हणून तर आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मी आपला अडला हरी..." पुढची म्हण आठवून त्याने जीभ चावली.

काका आधी खट्टू झाले, मग गडगडून हसले. "मग माझ्याकडे येता कशाला?"

"जॉइंट धुऊन ग्रीस भरावं ते तुम्हीच. दोन्ही खोला."

काकांनी दोन्ही खोलले. डावा पार कोरडा निघाला. जुनी घाण धुऊन, बोटांनी काळं ग्रीस खोलवर दाबून भरल्यावर त्यांनी काकूंना फोन लावला.

"सगळ्यांना ठाऊक होतं गं! लवकर ये. आता पुढच्या सीटवर ऐटीत बस."

"बसते," काकू फोनवर ओरडल्या, "पण बाजू मी तोंडाने सांगणार. आणि गिऱ्हाइकासमोर!"