उस्मान मिस्त्रींचा कागद

आज रंगारी अंगणात घासलेटात ब्रश धूत बसला होता. तो वास आला आणि मला परतूरचे उस्मान मिस्त्री आठवले.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मोजून मिळायचं. परतूर ते जालना आमची जुनी मोटार मी चालवायचो. पेट्रोल आणायचं काम थोरल्या दादाचं. मिस्त्रींनी इंजिन नीट करून दिलं आणि चौथ्याच दिवशी ते चढावर ठकठक वाजायला लागलं.

"मिस्त्रीनं चांगले पार्ट काढून घेतले," दादा भर बाजारात म्हणाला. मलाही ते पटलं.

दादा आणि मी मोटार परत नेली तेव्हा मिस्त्रींच्या हातावरून मी नजर हलवली नाही. त्यांनी लाकडी दांडकं इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं आणि बराच वेळ ऐकलं. मग टाकीतलं थोडं पेट्रोल पांढऱ्या कागदावर टाकून कागद उन्हात धरला. पेट्रोल उडून गेलं. तेलकट डाग मात्र राहिला.

"इंजन बराबर हाय," ते म्हणाले. "पेट्रोलात घासलेट हाय. कोन भरून राह्यलं?"

दादा खाली बघू लागला. मी समजलो, घासलेट दादानंच मिसळलं होतं.

मिस्त्रींनी टाकी उपसली, धुतली. चांगलं पेट्रोल घातल्यावर ठकठक थांबली. हात पुसत ते मला म्हणाले, "बाजारात सांगा मंग, भाऊ. लोक माझ्याकडं येईना झालेत."

"सांगतो," मी म्हणालो.

तेव्हा वाटायचं, घराची अब्रू राखली. आज दादाही नाही, मिस्त्रीही नाहीत. मी मात्र अजून कुणालाच सांगितलेलं नाही.