डावीकडच्या सीटचा गार वारा

धाकट्या बहिणीने नवी गाडी घेतली तेव्हा मी पेढा खाल्ला, रंग छान आहे म्हणाले आणि घरी आले. पोटात दुखायला लागलं ते नंतर, आई त्या गाडीतून फिरून आली तेव्हा.

"बुडाखालनं गार वारं येतं गं," आई फोनवर सांगत होती. "सीटलाच बारीक भोकं हायती. लय भारी."

"बरं."

"तुज्या गाडीत न्हाई तसं."

"नाही," मी म्हणाले आणि कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

आई सोमाटण्याला एकटी राहते. वडील देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते. तेव्हापासून दर पौर्णिमेला देहूरोडच्या विहारात वंदनेला जायचं हा तिचा नेम. गुडघे गेल्यावर तिला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी लोणावळ्याहून खाली उतरायचं, तिला घ्यायचं, माझ्या डाव्या हाताला बसवायचं. वाटेत ती अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. त्या मला घरच्या कुठल्याही गप्पांपेक्षा जास्त आवडतात. धाकटी चिंचवडला राहते, तिला आधी कधी वेळ नसायचा. गाडी आल्यावर वेळ मिळायला लागला.

आणि नेमका त्याच सुमारास माझ्या गाडीने दगा दिला. लोणावळ्यात पावसाळाभर काचेवर धुकं धरतं, म्हणून आम्ही गरम हवेचं बटण एकदा शेवटापर्यंत फिरवतो आणि विसरतो. पाऊस गेला की थंडी येते, त्यामुळे ते तिथेच राहतं. मार्चमध्ये आईला न्यायला खाली उतरताना मी ते पहिल्यांदा गारकडे वळवलं. डॅशबोर्डच्या आत टक टक टक असा आवाज झाला, पाल चुकचुकावी तसा, आणि गरम वारा चालूच राहिला. देहूरोड येईपर्यंत आईने पदराने वारा घेतला.

पुढच्या पौर्णिमेला धाकटीचा फोन आला. "ताई, तू कशाला एवढ्या लांबून येतेस? मी नेते आईला. तुझ्या गाडीत तिचं वांग्याचं भरीत होतं."

मी हसले. त्या दिवशी ती आईला घेऊन गेली. विहारासमोर गाडीला टेकून काढलेला दोघींचा फोटोही तिने पाठवला. आईने गॉगल घातला होता. धाकटीचा.

आता समोर बुद्ध पौर्णिमा होती. वैशाखाचं ऊन. वर्षातली सगळ्यात मोठी पौर्णिमा, पांढरी साडी, खीर, सगळी ओळखीची माणसं. त्या दिवशी आई धाकटीच्या गाडीतून उतरली असती तर पुढे कायमची तिथलीच झाली असती. हे मला स्वच्छ दिसत होतं.

गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागंल. गाडी सोडून जा, सीझन आहे, बघू कधी जमतं ते."

सोडून जायला मला सवड नव्हती. मी मळवलीला बंगले सांभाळते. मालक मुंबईत असतात. प्लंबर "निघालोच" म्हणाला की मी पाना घेते, कारण तो निघालेला नसतो हे मला माहीत आहे. पाण्याची मोटर, गिझर, कुलपं हे सगळं खोलून झालंय. गाडी का नाही?

दोन-तीन व्हिडिओ पाहिले. गरम आणि गार हवा एका प्लास्टिकच्या पेटीत मिसळतात. पेटीत एक झडप असते आणि ती फिरवायला काडेपेटीहून थोडी मोठी मोटर असते. गेले कित्येक महिने झडप एकाच जागी बसून आवळली होती. मी अचानक बटण फिरवल्यावर मोटरने जोर लावला आणि आतल्या चाकाचे दात गेले. टक टक तेच होतं. माझ्या गाडीत ही मोटर डावीकडच्या कप्प्याच्या मागे होती, म्हणजे बरोबर आईच्या गुडघ्यांसमोर.

रविवारी सकाळी बॅटरीची वायर काढली, सीट मागे सारली आणि पाय बाहेर, डोकं आत अशी उताणी पडले. कप्पा निघाला. आतून चिक्कीचं जुनं पाकीट आणि धाकटीचा केसांचा चाप निघाला. चाप मी फेकून दिला.

"पुन्हा लागेल ना सगळं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"टॉर्च धर."

दोन स्क्रू समोर होते, ते सहज आले. तिसरा वरच्या बाजूला, नजरेआड. त्याला बुटका स्क्रू ड्रायव्हर लागला, आणि बोटांची सालं. मोटर हातात आल्यावर झडपेचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. आधी अडला, मग सुटला. हे बघायला हवंच. झडपच अडकलेली असेल तर नवी मोटरही दात पाडून घेईल. जुन्या मोटरीवरचा नंबर दाखवून पिंपरीतून तशीच दुसरी आणली.

नवी बसवली, बॅटरीची वायर लावली, चावी फिरवली आणि लगेच बटण गारकडे नेलं. टक टक.

"झालं," नवरा म्हणाला. "आता गॅरेज."

"गप्प बस."

पुन्हा पडून व्हिडिओ पाहिला. नव्या मोटरीला झडपेची दोन्ही टोकं आधी स्वतः शोधू द्यावी लागतात, तोवर कशालाही हात लावायचा नाही. बॅटरीची वायर काढून थोडं थांबले, परत लावली, चावी फिरवली आणि हात मांडीखाली दाबून बसले. आत बारीक घूं झालं, थांबलं, उलटं घूं झालं. मग गाडी सुरू करून बटण गारकडे फिरवलं. माझ्या नाकावर बर्फासारखा वारा आला.

बुद्ध पौर्णिमेला मी सोमाटण्याला लवकर पोचले. धाकटी माझ्याआधी आलेली. दारात तिची गाडी, गाडीत पुढच्या सीटवर आईची पिशवी. आणि अंगणात गल्लीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून उभ्या. आईने सगळ्यांना गाडीतून न्यायचं कबूल केलं होतं.

"बरं झालं आलीस," आई म्हणाली. "ह्या समद्या तुज्यात बसतील. मी धाकटीसंगं हाय."

"माझा एसी दुरुस्त केला, आई. मी स्वतः."

"व्हय? मग ह्यांना गार लागंल."

आईच्या जागेवर शेजारची मावशी बसली. "गारेगार गं बाई," ती दर थोड्या वेळाने म्हणायची आणि जाळीसमोर तोंड धरायची. पुढे धाकटीच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला आईचा अंबाडा दिसत होता. तो हलत होता. म्हणजे आई बोलत होती. गावातली एक अख्खी भानगड माझ्यापुढे शंभर फुटांवर सांगून संपत होती.

वंदना झाली, खीर झाली. निघताना आई पायऱ्यांवरून उतरली आणि धाकटीची गाडी ओलांडून माझ्या गाडीपाशी आली. मावशीला म्हणाली, "तू जा तिकडं. गार सीट बघ कशी असतीया."

बसल्यावर तिने दोन्ही गुडघे धरले. "त्या भोकांनी कंबरेपासनं खाली बधिर झालंय. तुज्या गाडीतलं ते गरम वारं हुतं ना, त्यानं गुडघ्याला बरं वाटलं हुतं. सोड की पायावर."

"आई, बाहेर ऊन बघ."

"वर सोडू नगं. पायावर सोड."

मी बटण गरमकडे फिरवलं. टक टक झालं नाही. वारा खाली, तिच्या गुडघ्यांवर सोडला. मागच्या बायकांनी काचा खाली केल्या. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. बाजूने धाकटी पुढे गेली, काच बंद, चेहरा कोरडा, आणि शेजारी मावशी. धाकटीने आमच्याकडे वळून पाहिलं. मी हात केला.

"तर ऐक," आई म्हणाली, "वरच्या आळीत काय झालंय."

दारात उतरताना तिने आम्हा दोघींसमोर निकाल दिला. "हितनं पुढं जाताना धाकटीसंगं जाईन. तवा मला गार पायजे. येताना गुडघं दुखत्यात, तवा तुज्यासंगं."

धाकटी लगेच "चालेल" म्हणाली. मीही म्हणाले. येताना सोमाटणे फाट्याला गाड्या तुंबतात आणि जाण्याच्या दुप्पट वेळ लागतो, हे मी धाकटीला सांगितलेलं नाही.