काशिनाथच्या टाकीची किल्ली

काशिनाथ गेल्याचं मला शफीककडून कळलं, आणि खरं सांगायचं तर पहिला धक्का तो गेल्याचा नव्हता, शफीककडून कळल्याचा होता. मी उमरोळीला गॅरेजचं शटर नुकतं वर केलं होतं. "दत्तूभाई, काशिनाथभाई नहीं रहे," एवढंच त्याने फोनवर सांगितलं. शफीकचं गॅरेज सालवडला, कारखान्यांच्या वाटेवर. धंदा एकच असला तरी आमचं बोलणं नव्हतं. माझा नंबर त्याच्याकडे कुठून आला, तेही कळेना. शिरगावात माझा इतक्या वर्षांचा मित्र झोपेतच जातो, आणि ती बातमी आधी सालवडला पोचते, मग माझ्याकडे... नंतर कळलं की काशिनाथची पिकअप ब्रेकच्या कामासाठी आदल्या दिवसापासून शफीकच्या दारात उभी होती, म्हणून ज्योतीने, काशिनाथच्या मुलीने, त्याला फोन केला होता. कारण इतकं साधं होतं. तरी स्मशानात मी शफीकच्या शेजारी उभा राहिलो नाही.

काशिनाथ शिरगावहून मासळी वाहायचा. सुरमई, बोंबील, जे मिळेल ते बर्फात घालून हायवेने वसईच्या बाजूला न्यायचा. पिकअप त्याने जुनी घेतली तीच मला बरोबर नेऊन, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक नटाला माझाच पाना लागला होता. माणूस मोठा अवखळ. कुणाच्या तरी बोलण्यात काडी टाकायची आणि बाजूला बसून चहा प्यायचा, हा त्याचा आवडता उद्योग. माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून त्याने माझ्या गिऱ्हाइकांची आपापसांत किती भांडणं लावली असतील, त्याला गणती नाही. डिझेलच्या टाकीला मात्र त्याने कुणाला हात लावू दिला नाही. बंदरावर डिझेल चोरीला जायचं, म्हणून त्याने टाकीला किल्लीचं झाकण बसवलं होतं, आणि ती किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. पंपावरसुद्धा हा स्वतः खाली उतरायचा, सगळ्यांकडे पाठ करून झाकण काढायचा, आणि पुन्हा पाठ करूनच लावायचा. आम्ही त्याला हसायचो.

मग ती गाडी हायवेवर झटके मारायला लागली. गावात काही नाही, पालघरच्या गर्दीत काही नाही, वाघोबाच्या खिंडीत चढतानाही ठीक. पण मस्तान नाक्यावरून हायवेला लागून एका वेगात थोडा वेळ पळाली, की वरई फाट्याच्या अलीकडे ओढ तुटायची, पुन्हा यायची, पुन्हा तुटायची, आणि सगळी गाडी अडेल बैलासारखी मागेपुढे व्हायची. बाजूला थांबून विडी ओढेपर्यंत पुन्हा शहाणी. डिझेल पोचत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. का पोचत नाही, ते मात्र कळेना. फिल्टर बदलला, पाइप बदलले, पंप उघडला, नोझल तपासून आणले. प्रत्येक कामानंतर आम्ही दोघं ट्रायलला जायचो. मी चालवायचो, तो खिडकीशी बसायचा. वाघोबाला हात जोडायचा आणि हायवे लागला की डावा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवायचा. मला काही जाणवायच्या आधी त्याच्या तळव्याला कळायचं. "आता बघ," तो म्हणायचा, आणि त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच गाडी पहिला झटका द्यायची. दर वेळी. जणू गाडी त्याचं ऐकूनच झटका देत होती. मला त्या गाडीचाही तेव्हा हेवा वाटला होता, हे आज लिहायला हरकत नाही.

माझ्याने होत नाही हे दिसल्यावर एक दिवस मला ती पिकअप सालवडला शफीकच्या दारात उभी दिसली. मी बोईसरहून परत येत होतो. पुढे कितीतरी दिवस मी सामान आणायला लांबच्या वाटेने गेलो. आणि त्याच दिवसांत काशिनाथ रिक्षाने माझ्या गॅरेजवर यायचा! बाकावर बसायचा, चहा मागायचा. गाडी कुठे आहे हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चहात साखर मात्र मुद्दाम कमी घालायला सांगायचो. थोड्या दिवसांनी तो पिकअप घेऊनच आला आणि म्हणाला, "बरी हाय आता." कुठे बिघाड होता, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. तोही मिशीत हसत राहिला. मग ब्रेक असो, क्लच असो, तो कधी माझ्याकडे, कधी तिकडे. मी हसून बोलायचो आणि आतून जळायचो. मला जे वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून सापडलं नाही ते शफीकला सापडलं, आणि ते काय होतं, हे मला कळणारही नव्हतं. काशिनाथ गेल्यावर तर ते विचारायला माणूसच उरला नाही... रडताना मला हेही आठवत होतं, काय करू.

दिवसकार्य उरकल्यावर ज्योतीने गाडी आपणच चालवायची ठरवलं. ती पहिल्यांदा मासळी घेऊन गेली आणि परतताना थेट माझ्याकडे आली. "दत्तूकाका, हायवेला गाडी लय झटके मारते," ती म्हणाली. मी म्हटलं, ते तर शफीकने केव्हाच बरं केलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुनी सांगलं? बाबा पन्नासच्या वर कधी नेतच नव्हते. आमी वैतागायचो, किती हळू चालवता म्हनून."

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर सालवडला गेलो. शफीकच्या गॅरेजात पाय टाकायची माझी ती पहिलीच वेळ. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. "मुझे तो बोले थे, दत्तू ने ठीक कर दी," तो म्हणाला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. म्हणजे काशिनाथने मला शफीकचं नाव न घेता ते पटवलं होतं, आणि शफीकला माझं नाव घेऊन. दोन्हीकडे काडी टाकून, मधल्या रस्त्याने हा पन्नासच्या वेगात आरामात मासळी नेत होता. मला हसू आलं, रागही आला, आणि सगळ्यात जास्त हे लागलं की शफीकही माझ्यावर इतकी वर्षं जळत होता आणि मला त्याची चवसुद्धा घेता आली नाही.

तिघं ट्रायलला निघालो. ज्योती चालवत होती. खिडकीची जागा मी आधी जाऊन पकडली, शफीकला मधे गिअरपाशी पाय आखडून बसावं लागलं. मस्तान नाका गेला, हायवे लागला. वरई फाट्याच्या अलीकडे मी डावा तळवा डॅशबोर्डवर ठेवला. शब्द ओठांवर आले होते, मी ते बाहेर येऊ दिले नाहीत. झटका आला. ज्योतीने गाडी बाजूला घेतली. इतक्या वर्षांत हात न लागलेली एक टाकीच उरली होती, म्हणून इंजिन चालू ठेवून मी ज्योतीला ती उघडायला सांगितलं. तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून बापाची किल्ली काढली, झाकण फिरवलं... आणि टाकीने सूं करून एवढी हवा आत ओढली की आम्ही दोघंही एकदम "हवा!" म्हणालो. मी आधी म्हणालो. शफीक म्हणेल, तो आधी म्हणाला.

झाकणाच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती घट्ट बसवलेली होती. झाकणाला हवा घ्यायला बारीकसं भोक असतं, ते त्या चकतीने पार बुजवलं होतं. डिझेल जाईल तशी टाकीत हवा यायला नको का? हळू चालवलं की कुठून तरी पुरेशी शिरत असणार, हायवेच्या वेगाला मात्र टाकीचा श्वास कोंडायचा. ज्योती म्हणाली, "ती बाबांनीच बसवली. माशांच्या बर्फाचं खारं पानी वरून टाकीवर गळायचं ना, आत जाऊ नये म्हनून." म्हणजे पाठ करून तो हेच काढत होता आणि हेच पुन्हा लावत होता, आणि आम्हाला झाकण आतून कधी दिसलंच नाही. चकती काढली आणि पुन्हा निघालो. वरई फाटा आला, गेला. गाडी पाण्यासारखी पळत होती. ज्योती हसत होती. मला मात्र भडभडून आलं, कारण आता त्या गाडीत काशिनाथचं म्हणून बोट ठेवावं असं काही उरलं नव्हतं.

ती चकती शफीकने खिशात घातली. मी बघत राहिलो, मागता आली नाही. परतताना मी त्याला विचारलं, त्या दिवशी माझा नंबर कुठून मिळाला. तो म्हणाला, "पहले दिन से था. उन्होंने ही दिया था. बोले, समझ में न आए तो दत्तू को पूछ लेना." खिशातली चकती चाचपत म्हणाला, "मैंने पूछा नहीं." मग त्याने विचारलं, "आपके साथ तो ट्रायल पे बैठते थे ना? मेरे साथ कभी नहीं बैठे, गाड़ी छोड़ के चाय पीने आपके पास चले जाते थे. बैठ के क्या बोलते थे?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "चुप बैठते थे."

चकती त्याच्याकडे आहे, किल्ली ज्योतीच्या गळ्यात. ते दोन शब्द तेवढे माझे. शफीकला मराठी वाचता येत नाही, म्हणून ते इथे लिहिले. परवा एका दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा टेम्पो ट्रायलला नेला होता, शेजारची जागा रिकामी होती. वरई फाटा जवळ आला तसा माझा डावा हात आपोआप डॅशबोर्डाकडे गेला आणि मी मोठ्याने म्हणालो, "आता बघ." टेम्पो सरळ पुढे निघून गेला.